लघवीची जळजळ : जंतू चिकटतो कसा?

लघवीला आग होते, ओटीपोटात कळ येते, पण सांगायची लाज वाटते. कोल्हापूरच्या वस्त्यांत फिरताना आम्हाला हे दुखणे घरोघरी भेटते.

बहुतेक वेळा यामागे आतड्यातला ई. कोलाय हा जंतू असतो. त्याच्या अंगावरच्या बारीक केसांच्या टोकाला 'फिम-एच' नावाचे प्रथिन असते. मूत्राशयाच्या आतल्या पेशींवर मॅनोज ही साखर असते. चहातली नव्हे, शरीराने घडवलेली. प्रथिन तीच पकडते. लघवीच्या धारेची ओढ बसली की पकड उलट घट्ट होते.

मग मॅनोजची पूड घेतली तर जंतू फसेल? ब्रिटनमध्ये ५९८ महिलांवर तपासले; २०२४ साली निकाल आला. फायदा दिसला नाही. पुडीवर पैसे घालवू नका.

पाण्याचा फायदा मात्र दिसला. वारंवार त्रास होणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या १४० महिलांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर जादा पाणी पिणाऱ्यांचा त्रास जवळपास निम्म्यावर आला.

पण आमच्या आयाबहिणी पाणी का टाळतात? संडास लांब, रात्री दिवा नाही, दाराला कडी नाही. म्हणून चालू, स्वच्छ संडास हाही औषधोपचारच. तो वस्तीने एकजुटीने मागायचा.

आग सुरू होताच सीपीआरला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात लघवी तपासून घ्या. थंडीताप, कंबरदुखी किंवा गरोदरपण असेल तर त्याच दिवशी जा. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या नकोत. डॉक्टरांनी दिलेल्या पुऱ्या संपवा.