यंत्राचा निवाडा आणि माणसाची जबाबदारी

किराणा दुकानातील तराजू पाहून आपण निश्चिंत होतो. कारण आपला-परका हा भेद तराजूला ठाऊक नसतो. परंतु पारड्यात ठेवलेले वजनच खोटे असेल तर? राज्यकारभारात शिरलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी नेमका हाच प्रश्न विचारावयास हवा. यंत्राला राग-लोभ नसतात हे खरे. तथापि ते शिकते माणसांनी पुरविलेल्या माहितीवरून, आणि कशाकडे संशयाने पाहावे हेही त्याला माणसेच सांगतात.

नेदरलँड्सचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. त्या देशात नोकरी करणाऱ्या आईबापांना पाळणाघराच्या खर्चापोटी सरकारी भत्ता मिळतो. अर्जांतील चुका व लबाडी हुडकण्यासाठी तेथील करखात्याने २०१३ पासून एक स्वयंशिक्षित संगणकीय पद्धती वापरली. मागील अर्जांची बरोबर व चुकीची उदाहरणे अभ्यासून ती नव्या अर्जाला जोखमीचे गुण देई. अधिक गुणांचे अर्ज तपासणीसाठी अधिकाऱ्याकडे जात. हे गुण देताना अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हेही पाहिले जाई. म्हणजे एखादी प्रामाणिक परदेशी माता केवळ नागरिकत्वामुळे अधिक संशयास्पद ठरे. शिवाय गुण अधिक का पडले, हे त्या अधिकाऱ्यालाही कळत नसे. मग आईबापांना कोण सांगणार?

त्यात भर पडली ती कठोर नियमांची. अर्जावर सही राहिली, खर्चातील स्वतःचा थोडा हिस्सा भरावयाचा राहिला, तरी वर्षाचा सारा भत्ता परत मागण्यात येई. पंचवीस हजारांहून अधिक पालक या चक्रात भरडले गेले. कित्येकांवर हजारो युरोंचे कर्ज झाले, संसार मोडले. चोर सोडून संन्याशाला सुळी, तसाच हा प्रकार! डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीने त्याला अभूतपूर्व अन्याय म्हटले, आणि १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. नागरिकत्वाची माहिती गैररीतीने वापरल्याबद्दल त्याच वर्षी डिसेंबरात करखात्याला २७ लाख ५० हजार युरोंचा दंडही झाला.

मग यंत्र टाकूनच द्यावे काय? तसे नव्हे. लाखो अर्ज हातावेगळे करण्यास त्याचे साहाय्य मोलाचे आहे. परंतु निर्णयाचे उत्तरदायित्व यंत्रावर ढकलता येत नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात सरकारी मदतीची पात्रता ठरविणाऱ्या अशा पद्धतींची गणना अधिक जोखमीच्या वर्गात केली असून, त्यांवर माणसाची देखरेख आवश्यक मानली आहे.

आपल्या संविधानाच्या १४ व्या अनुच्छेदाने सर्वांस कायद्यापुढे समानता दिली आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, प्रशासकीय निर्णयाची कारणे त्याची झळ पोहोचलेल्या व्यक्तीला सांगणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे. म्हणून उद्या आपल्या घरातील शिष्यवृत्तीचा, शिधापत्रिकेचा वा निवृत्तिवेतनाचा अर्ज फेटाळला गेला, तर ‘संगणकाने नाकारला’ एवढ्या उत्तरावर माघारी फिरू नका. कारण लेखी मागा आणि निर्णय कोणत्या अधिकाऱ्याचा, हेही विचारा. वजने तपासून घेणारे गिऱ्हाईक असले, तरच तराजू खरा राहतो.