धावपट्टीभोवतीची पहिली फेरी

बारामती, धुळे किंवा गोंदिया जिल्ह्यातील बिरसी या परिसरातील शेतकऱ्यांना एक दृश्य चांगले परिचयाचे आहे. सकाळच्या वेळी एखादे लहान विमान घरघरत वर चढते, शिवारावरून वळसा घेते, धावपट्टीवर उतरते आणि चाके टेकतात न टेकतात तोच पुन्हा वर जाते. हा क्रम तासभर चालतो. शाळेतील मुले गुरुजींना विचारतात, "हे विमान कुठेच कसे जात नाही?" प्रश्न रास्त आहे. त्या विमानात बहुधा नुकताच उड्डाण शिकू लागलेला तरुण किंवा तरुणी असते. विमान वर नेण्यापेक्षा ते सुखरूप खाली आणणे अधिक कठीण असते आणि त्याचाच हा सराव होय.

या विद्येचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे. जुहू येथील विमानतळ व मुंबई फ्लाइंग क्लब यांचा आरंभ १९२८ सालचा. जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळविला. १९३६ मध्ये लाहोर येथे सरला ठकराल यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ विमान एकटीने उडविले. तेव्हापासून विमाने बरीच बदलली. परंतु नवशिक्याला पहिल्या काही आठवड्यांत येणारे अनुभव फारसे बदललेले नाहीत.

आधी तपासणी, मग उड्डाण

पहिल्या दिवशी प्रशिक्षणार्थीचा थोडा हिरमोड होतो. आकाशात जाण्याच्या उत्सुकतेने तो येतो आणि त्याच्या हाती प्रथम पडते ती तपासणीची यादी. प्रशिक्षणासाठी जगभर वापरले गेलेले सेसना १५२ हे दोन आसनांचे विमान पूर्ण भारासह सुमारे ७५७ किलो वजनाचे, म्हणजे एखाद्या लहान मोटारीएवढे असते. त्याच्याभोवती फिरून पंखांचे सांधे, चाके, पंखा व इंजिनातील तेल हाताने व डोळ्यांनी तपासावे लागते. टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून पाहतात. विमानाचे पेट्रोल फिकट निळे असते. त्यात पाणी शिरले असल्यास ते तळाशी वेगळे दिसते. हेच पाणी हवेत इंजिन बंद पाडू शकते. टाकीत इंधन किती आहे, हेही काट्यावर विसंबून न राहता पट्टी बुडवून पाहतात.

या यादीमागे एक दुःखद इतिहास आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्ड येथे बोइंग कंपनीचे एक नवे बॉम्बफेकी विमान उड्डाण करताच कोसळले. विमानात दोष नव्हता व वैमानिकही निष्णात होते. जमिनीवर उभ्या विमानाची शेपटीकडील नियंत्रणे वाऱ्याने हलू नयेत म्हणून अडकविलेली खीळ काढण्याचे तेवढे राहून गेले होते. पुढे त्या विमानासाठी टप्प्याटप्प्याच्या तपासणी-याद्या तयार झाल्या आणि ती पद्धत सर्वत्र रूढ झाली. स्मरणशक्ती कितीही तल्लख असली तरी यादी वाचूनच काम करावे, हा उड्डाणविद्येचा पहिला धडा आहे.

पायांनी वळवायचे वाहन

इंजिन सुरू झाल्यावर दुसरे नवल समोर येते. हातातील चाक फिरवून विमान जमिनीवर वळत नाही. ते पायांखालील पट्ट्यांनी वळते. मोटार चालविणाऱ्याचे हात सवयीने चाक फिरवीत राहतात आणि विमान मात्र रेघ सोडून भलतीकडे निघते. प्रशिक्षक पुष्कळदा विद्यार्थ्याला हात मांडीवर ठेवावयास सांगतात, ते यासाठीच.

हवेत गेल्यावर उलट अडचण येते. नवशिका चाक घट्ट आवळून धरतो. वास्तविक दोन बोटांचा आधार पुरेसा असतो. तो वेगाच्या व उंचीच्या काट्यांकडे टक लावून पाहतो आणि काटा मागे राहिला की चाक ओढतो, पुढे गेला की ढकलतो. विमान लाटेवरील होडीसारखे वरखाली होऊ लागते. अशा वेळी प्रशिक्षक काट्यांवर चक्क कागद झाकतात व म्हणतात, "क्षितिजाकडे पाहा." विमानाचे नाक क्षितिजाच्या किती वर वा खाली आहे हे डोळ्यांत ठसले, की विमान आपोआप स्थिरावते.

हवामानाचाही पाठ येथेच मिळतो. उन्हाने तापलेल्या काळ्या जमिनीवरून गरम हवेचे झोत वर येतात व हलके विमान हिसके खाते. उन्हाळ्यातील दुपारी हवा विरळ होते; त्यामुळे इंजिनाची शक्ती व पंखांची उचल दोन्ही घटतात आणि उड्डाणास धावपट्टी अधिक लागते. लहान विमानांचा सराव शक्यतो सकाळी होतो, त्यामागे हे कारण आहे.

मनाच्या ओढीविरुद्ध

आरंभीच्या पाठांत 'स्टॉल' या पाठाची धास्ती सर्वांत मोठी असते. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. पंख वाऱ्याला थोडा तिरका असतो तोवर त्याला उचल मिळते. हा कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला, की पंखावरून सुरळीत वाहणारी हवा विस्कटते आणि उचल एकाएकी घटते. आधी भोंगा वाजू लागतो, विमान थरथरते व नाक खाली पडते. जमीन समोर दिसताच माणसाची सहज प्रवृत्ती चाक मागे ओढून नाक वर करण्याची असते. नेमके तेच घातक असते, कारण त्याने कोन आणखी वाढतो. उपाय याच्या उलट आहे: चाक पुढे करून नाक खाली जाऊ द्यावयाचे, पंखाला पुन्हा हवा मिळू द्यावयाची आणि मग सावकाश वर यावयाचे.

हा सराव पुरेशा उंचीवर पुन्हा पुन्हा करून घेतात. उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणावर, जमिनीपासून काहीशे फुटांवर हीच चूक झाली तर सावरण्याइतकी उंची शिल्लक नसते. म्हणून योग्य कृती विचार करावा न लागता हातून घडली पाहिजे.

उतरणे आणि न उतरणे

यानंतर सुरू होतात त्या गावकऱ्यांच्या ओळखीच्या फेऱ्या. साधारण १,००० फूट उंचीवरून धावपट्टीला आयताकृती वळसा घालून विमान खाली येते. जमिनीजवळ आल्यावर शक्ती कमी करून, नाक हळूहळू उचलून ते धावपट्टीवर अलगद तरंगत ठेवावे लागते. नजर जवळ ठेवली तर उंचीचा अंदाज चुकतो; ती धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे हवी. कोणी लवकर उचलतो व विमान फुग्यासारखे वर जाते. कोणी उशिरा उचलतो व ते आपटून उसळते. सलग अनेक दिवस काही जमत नाही, असे वाटण्याचा काळ बहुतेकांच्या वाट्याला येतो.

येथे प्रशिक्षक एक गोष्ट कटाक्षाने शिकवितात. उतरणे मनासारखे जुळत नसेल तर हट्ट न धरता पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जावे आणि नव्याने फेरी घ्यावी. त्यात कमीपणा नाही. बिघडलेले उतरणे कसेबसे निभावून नेण्याच्या धडपडीत अपघात होतात. वेळीच माघार घेणारा दहा मिनिटांनी सुखरूप उतरतो.

रिकामे आसन

मग एके दिवशी, दहा-बारा तासांच्या किंवा कोणाच्या बाबतीत वीसहून अधिक तासांच्या सरावानंतर, प्रशिक्षक विमान थांबवावयास सांगतात, दार उघडून खाली उतरतात आणि म्हणतात, "एक फेरी घेऊन या." शेजारचे आसन रिकामे असते. एका माणसाचे वजन कमी झाल्याने विमान नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडते. भीती वाटण्यास तशी फुरसत नसते. यादी, वेग, वळण, पुन्हा यादी असे एकेक काम पुढे येत राहते. उतरल्यानंतर हात कापू लागल्याचे अनेकजण सांगतात.

वैमानिक होण्यास असामान्य धाडस लागते, अशी समजूत ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांत आढळते. हे शिक्षण आजही खर्चिक आहे व ती अडचण खरी आहे. पण एकट्याने फेरी घेणाऱ्याला त्या दिवशी तारून नेतात ते तपासणीचा कंटाळा न करणे, चूक वेळीच ओळखणे व माघारीची लाज न बाळगणे हे तीन गुण. आणि ते कोणत्याही शाळेत अंगी बाणविता येतात. शिवारावरून घिरट्या घालणाऱ्या विमानाविषयी मुलांनी पुन्हा विचारले, तर शिक्षकांनी त्यांना एवढे अवश्य सांगावे.