शूर्पारकाचा शिलालेख आणि आजाऱ्याचे ‘मंगल’

पावण्याच्या औद्योगिक वसाहतीलगत चिकित्सा करणारे आम्ही काही वैद्य सुटीच्या दिवशी सहसा वनौषधींसाठी डोंगर धुंडाळतो. या खेपेस मात्र नालासोपाऱ्यास जाण्याचे ठरविले. कोपरखैरण्याहून ठाणे, मग दादर व तेथून पश्चिम रेल्वेने नालासोपारा. स्थानकाबाहेरील दाटी पाहता अपरान्तातील शूर्पारक हे विख्यात बंदर ते हेच, हे मनास पटावयास वेळ लागतो. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याची नोंद आहे. बौद्ध, जैन आणि परशुरामभक्त या सर्वांनीच या स्थळास तीर्थ मानले. चक्रेश्वर मंदिरातील ब्रह्मदेवाची भव्य मूर्तीही अवश्य पाहावी.

मुख्य आकर्षण अर्थातच विटांचा स्तूप. लोक त्यास ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकलला, तेव्हा दगडी पेटीत तांबे, रुपे, दगड, स्फटिक व सुवर्ण असे एकात एक ठेवलेले करंडक मिळाले. सर्वांत आत होते मातीच्या भांड्याचे 13 लहान तुकडे! बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपलेले असावेत. भगवानलाल हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे सहायक होते. कुष्ठावर वनस्पतिज औषध शोधणारा तो धन्वंतरी प्राचीन लेखांतही तितकाच रमला, याचा आम्हां वैद्यांस विशेष अभिमान वाटतो.

त्याच वर्षी येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. मृगयेच्या सहली सोडून राजाने धर्मयात्रा आरंभिल्याचा वृत्तान्त त्यात आहे. नवव्या लेखाचा तुकडा 1956 मध्ये मिळाला, आणि तोच आमच्या कामाचा. अन्यत्रच्या प्रतींवरून त्याचा पूर्ण आशय कळतो. आजारपणात, विवाहात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासास निघताना लोक नाना ‘मंगले’ करतात. ती करावीत, परंतु त्यांचे फळ अल्प, असे राजा सांगतो. बंदी नाही, उपहासही फारसा नाही.

कावीळ झालेला कामगार आजही प्रथम ‘उतरवून’ घेतो, माळ घालतो आणि आठ-दहा दिवसांनी, डोळे हळदीसारखे झाल्यावर आमच्याकडे येतो. चरकाचार्यांनी दैवव्यपाश्रय चिकित्सेसही स्थान दिले आहे, हे आम्ही विसरत नाही. पण युक्तिव्यपाश्रय चिकित्सा तिच्यामागे रांगेत उभी राहावी, असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. माळ तोडावयास लावणारा वैद्य रोगी गमावतो. माळ राहू द्यावी, रक्ततपासणी मात्र त्याच दिवशी करवून घ्यावी, असे आमचे मत आहे.

त्याच लेखात खरे मंगल कोणते, तेही सांगितले आहे. त्यात पहिला उल्लेख दास व सेवकांशी योग्य वर्तनाचा, गुरुजनांचा आदर त्यानंतर! कारखानदारांच्या कानी हे घालावयास हवे. विश्रांती सांगितलेला रुग्ण रोजंदारी बुडेल म्हणून तिसऱ्याच दिवशी पाळीवर जातो, तेथे आमचे पथ्यापथ्य काय करणार?

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. आठव्या लेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तो आधी पाहावा, मग सोपारा गाठावे.