उजेडाचा कोन

१८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे निदान केले आणि रोगाचा शोध रोग्याच्या देहाइतकाच त्याच्या बिऱ्हाडातही घ्यावा लागतो, हे सरकारदरबारी मान्य करणे भाग पडले. दोन वर्षांनी स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने समुद्राचा वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले. हटविलेल्या भाडेकरूंनी शेजारच्या चाळींत दाटी केली, हा त्या योजनेचा दोष खराच. परंतु ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी पुरस्कारलेला ६३½ अंशांचा दंडक आजही मननीय आहे. समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक असू नये, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ.

आता मुंबईतल्याच गोवंडीचे नटवर पारेख कंपाउंड पाहावे. तेथील पुनर्वसनाच्या उंच इमारतींमधले अंतर जेमतेम ३ मीटर. ऑरसाहेबांच्या हिशेबाने तेवढ्या जागेत ६ मीटरच, म्हणजे फार तर दोन मजले, उभे राहिले असते. २२५ चौरस फुटांच्या घरात तळमजल्यावर भर दुपारी दिवा लावावा लागतो. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, कोंडलेल्या खोलीत तरंगत राहतात व सूर्यप्रकाशात मरतात, हे ध्यानी घेतले म्हणजे ‘डॉक्टर्स फॉर यू’ या वैद्यकीय संस्थेच्या २०१८ मधील अहवालाचे नवल वाटत नाही: अंधाऱ्या, कोंदट घरांत, विशेषतः खालच्या मजल्यांवर, क्षयाचे प्रमाण अधिक, ज्या वसाहतीत मोकळी जागा अधिक, तेथे ते कमी. हा अभ्यास पुनर्वसनाची घरे उभारणाऱ्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाशी (एमएमआरडीए) संलग्न पर्यावरण संस्थेच्या अर्थसाहाय्याने झाले, म्हणजे वैद्य व घरबांधणी खाते एकाच प्रश्नापाशी आले. मात्र आले ते इमारती उभ्या राहिल्यावर.

एका दफ्तरात नकाशे मंजूर व्हावेत आणि दुसऱ्यात रुग्णांची नोंद व्हावी, ही आपली जुनी वहिवाट. ती मोडायची तर नकाशावर शिक्का उमटण्यापूर्वीच वैद्याचा शेरा घेण्याची तजवीज हवी. आज मात्र दवाखान्यातला डॉक्टर क्षय झालेल्या बाईला सहा महिन्यांच्या गोळ्या देतो आणि खिडकी उघडी ठेवायला सांगतो. बाई मान डोलावून घरी जाते, खिडकीखालच्या बोळात वरच्या मजल्यांवरून पडलेल्या कचऱ्याची दुर्गंधी आत येऊ लागते आणि ती खिडकी लावून घेते.