फीडबॅकची तार कुठून घ्यायची?

२ ऑगस्ट १९२७ रोजी होबोकेनहून मॅनहॅटनला निघालेल्या फेरीबोटीत हॅरल्ड ब्लॅक यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर निगेटिव्ह फीडबॅकची आकृती काढली, ही गोष्ट आपल्या गोतावळ्यात सगळ्यांना पाठ आहे. त्या आकृतीत आउटपुट म्हणजे एक बिंदू. खऱ्या अँप्लिफायरमध्ये मात्र त्या जागी तांब्याचा पट्टा असतो आणि त्यावर दर इंचाला व्होल्टेज निराळं असतं. डिस्टॉर्शन कमी करण्याच्या साऱ्या इतिहासात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

व्हॉल्व्हचा काळ भराभर ओलांडतो. विल्यम्सन यांनी १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये १५ वॅटचं सर्किट दिलं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरसुद्धा २० डेसिबल फीडबॅकच्या फेऱ्यात घेतला आणि डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत आणलं. १९५१ मध्ये हाफलर आणि केरोज यांची अल्ट्रालिनियर जोडणी आली. मग ट्रान्झिस्टर आले, ट्रान्सफॉर्मर गेला आणि क्रॉसओव्हरची खाच पदरी पडली. बायस किती ठेवायचा, हे ह्यूलेट-पॅकार्डच्या बार्नी ऑलिव्हर यांनी १९७१ साली गणिताने दाखवलं: प्रत्येक बाजूच्या एमिटर रेझिस्टन्सवर साधारण २६ मिलिव्होल्ट.

१९७० साली फिनलंडच्या मात्ती ओटाला यांचा ट्रान्झिएंट डिस्टॉर्शनवरचा लेख आला आणि त्याच्या आधाराने काही मंडळींनी फीडबॅकलाच गुन्हेगार ठरवलं. ती मंडळी अजून आहेत. ‘झिरो फीडबॅक’ ही पाटी आजही कौतुकाने लावली जाते. मला हे कधीच पटलं नाही. १०० वॅट, ८ ओहम म्हणजे ४० व्होल्टचं शिखर. २० किलोहर्ट्झला त्यासाठी मायक्रोसेकंदाला ५ व्होल्टचा वेग लागतो. त्याच्या कितीतरी पट वेग देणारा आणि सहजी न दबणारा इनपुट स्टेज केला की हे भूत उतरतं. बॉब कॉर्डेल यांनी १९८४ साली एरर करेक्शनचा मॉसफेट अँप्लिफायर करून ते सिद्धच केलं. पीटर बॅक्सन्डॉल यांनी १९७८ मध्ये दाखवलेली गोष्ट तर या वादात हटकून विसरली जाते. अगदी थोडा फीडबॅक दिला तर आधी नसलेल्या वरच्या हार्मोनिक्स जन्माला येतात. भरपूर दिला की त्याही खाली बसतात. ज्यांनी चिमूटभर फीडबॅक देऊन पाहिला आणि कान खराब झाले म्हणाले, त्यांनी ऐकलं ते खरंच होतं. औषधाची मात्रा अपुरी होती, एवढंच.

आता माझ्या जिव्हाळ्याची जागा. क्लास बी मध्ये वरचा ट्रान्झिस्टर अर्धी लहर वाहतो, खालचा उरलेली अर्धी. म्हणजे प्लस रेलच्या तारेतून जाते ती साइन लहर नसते, अर्धी कापलेली असते, सम हार्मोनिक्सनी भरलेली. वरच्या उदाहरणात तिचं शिखर ५ अँपिअर. पट्ट्याचा नुसता एक सहस्रांश ओहम तिच्या वाटेत आला तरी ५ मिलिव्होल्टची अर्धी लहर तयार होते: ४० व्होल्टचा ८,००० वा हिस्सा. दोन्ही अर्ध्या जिथे मिळतात, त्याच्या अलीकडून, एकाच ट्रान्झिस्टरच्या बाजूने फीडबॅकची तार घेतली, तर ही घाण थेट आत शिरते. लूप गेन कितीही वाढवा, ती हटत नाही, कारण फीडबॅक त्या चुकीच्या जागेलाच खरं मानतो आणि तिथली लहर शुद्ध करण्यासाठी स्पीकरची लहर बिघडवतो.

दुसरी वाट हवेतून. रेलच्या तारेचं चुंबकीय क्षेत्र इनपुटच्या वेटोळ्यात व्होल्टेज उठवतं, आणि फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की तेही दुप्पट. ऑस्ट्रेलियाच्या एडवर्ड चेरी यांनी १९८१ मध्ये यावर लिहिलं. पुढे डग्लस सेल्फ यांनी आपल्या हँडबुकात डिस्टॉर्शनची आठ उगमस्थानं मांडली. त्यांतली तीन निव्वळ मांडणीची आहेत.

चेरींचं नाव कानावर येण्याआधी मला हे एका रात्री दिसलं होतं. बुधवार पेठेतून जमवलेले २एन३०५५, घरी केलेला ट्विन-टी फिल्टर, कॉलेजातल्या मित्राकडून दोन दिवसांसाठी आणलेला ऑसिलोस्कोप. मूळ सूर काढून टाकल्यावर मागे उरणारी लहर पडद्यावर पाहत होतो. १० किलोहर्ट्झला ती हटेना. ट्रान्झिस्टर बदलले, जोड्या जुळवल्या, बायस फिरवला. शेजारी बसलेले आमचे ज्येष्ठ स्नेही म्हणाले, “अरे, ती लाल तार जरा हलवून बघ.” पेन्सिलीच्या टोकाने तार सरकवली आणि पडद्यावरची लहर आकसली. आणखी सरकवली, पुन्हा फुगली. मग प्लस, मायनस आणि ग्राउंड अशा तिन्ही तारा एकत्र पिळल्या. दोन अर्ध्या लहरींची क्षेत्रं एकमेकींना पूर्ण करतात, वाकडेपणा उरत नाही. पडद्यावर नुसतं नॉइजचं गवत राहिलं. पहाटेचे चार वाजले होते आणि आम्ही दोघं बोलत नव्हतो.

आज ब्रूनो पुटझेस यांच्यासारख्यांचे क्लास डी मॉड्यूल आकड्यांत आमच्या साऱ्यांच्या पुढे गेले आहेत. फिलिप्समध्ये असताना त्यांनी जो अँप्लिफायर उभा केला, त्यात फीडबॅक आउटपुट फिल्टरच्या पलीकडून, जिथे स्पीकर जोडतात तिथून घेतला होता. मला त्याचा मनापासून आनंद आहे. दुःख वेगळं आहे. मॉड्यूल सीलबंद येतं, पेटीत बसवलं जातं, आत कोणी डोकावत नाही. पैसे सोनेरी मुलामा दिलेल्या केबलवर जातात. उरलेली लहर पाहून तिच्या आकारावरून दोष ओळखणारी माणसं आमच्या शहरात मला बोटांवर मोजता येतात.

गेल्या पावसाळ्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी तिने केलेला बोर्ड घेऊन आली. “काका, सिम्युलेशनमध्ये ०.००१ टक्के येतं, प्रत्यक्षात दहापट. सगळे पार्ट ओरिजिनल आहेत.” मी फीडबॅकचा पट्टा कुठून निघतो ते दाखवायला सांगितलं. वरच्या ट्रान्झिस्टरच्या एमिटर रेझिस्टरजवळ तिने बोट ठेवलं, आणि तिथेच थबकली. मग काही न विचारता तिने कटरने पट्टा तोडला, सोल्डरिंग आयर्न मागितलं आणि आउटपुटच्या स्क्रूपासून नवी तार ओढली.