दाबाच्या बत्तीत व स्टोव्हमध्ये हवा कशी भरावी

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरील पेटीतून आमची जुनी पेट्रोमॅक्स बत्ती निघाली. धाकट्या चिरंजीवांस मित्रांसमवेत आंबोलीच्या रानात मुक्कामास जावयाचे होते. त्यांनी ती तत्काळ मागून घेतली. पंपाचा दांडा मोकळाच आत-बाहेर होतो असे दिसताच, "पंक्चरवाल्याकडून हवा भरून आणतो," असे ते म्हणाले. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आपणा सभासदांपैकी अनेकांच्या घरी अशा बत्त्या व पितळी स्टोव्ह असतील, म्हणून हे चार शब्द.

ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलास हवेचा दाब लागत नसे. वात आपले तेल आपणच ओढी. दाबाच्या यंत्राचे तसे नाही. स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास जो प्रायमस स्टोव्ह बाजारात आणला, त्याचेच तत्त्व पुढे बर्लिनच्या मॅक्स ग्रेट्झ यांच्या पेट्रोमॅक्समध्ये आले. टाकीत कोंडलेली हवा रॉकेलला नळीतून वर रेटते. तापलेल्या नळीत त्याची वाफ होते. ती निपलच्या सूक्ष्म छिद्रातून वेगाने सुटते, भोवतालची हवा ओढून घेते आणि धूर न करता जळते. म्हणजे कोंडलेल्या हवेकडे केवळ हमाली. वाफ करण्याचे काम उष्णतेचे.

म्हणूनच स्टोव्ह पेटविताना हवेचा स्क्रू उघडा ठेवून आधी वाटीत स्पिरिट जाळावे अथवा काकडा लावावा. स्पिरिट विझत आले की स्क्रू आवळून बेताने पंप मारावा. घाईने आधीच पंप मारल्यास कच्चे रॉकेल वर येते व पिवळा भडका उडतो. टाकी पाऊण भरावी, काठोकाठ कधीही नाही. द्रव दाबला जात नाही, दाबली जाते ती हवा, आणि तिला जागाच नसेल तर दाब टिकणार कसा? रॉकेल जळत जाते तशी ती जागा वाढते व दाब उतरतो; तेव्हा मधून मधून चार हात मारावे लागतात. पेट्रोमॅक्सला दाबमापक असतो. काटा तांबड्या खुणेपलीकडे नेऊ नये. ज्योत मंद झाली की आपण पंपावर तुटून पडतो. परंतु पुष्कळदा दोष दाबाचा नसून निपलमधील काजळीचा असतो, आणि तेथे उपाय पिनेचा.

पंपाचा दांडा विनाअडथळा आत जात असेल, तर टोकाचा चामडी वायसर वाळून आक्रसला आहे असे समजावे. तो काढून कडा बोटांनी फाकवावी व शिवणयंत्राच्या तेलात रात्रभर भिजवावा. आमच्या दुकानात शेंगतेल मुबलक, म्हणून आम्ही तेच लावीत असू. पण ते कालांतराने चिकट होते. उलट दांडा आपोआप वर येत असेल किंवा पंपाशेजारून रॉकेल पाझरत असेल, तर पंपाच्या तळाची, हवा परत येऊ न देणारी झडप निकामी झाली आहे. अशी वस्तू दुरुस्तीपूर्वी पेटवूच नये.

काही विलायती यंत्रांची रीत निराळी आहे. अमेरिकेतील कोलमन कंपनीच्या दिव्यांत पंपाच्या मुठीला छिद्र असते. आत रेटताना त्यावर अंगठा धरावा लागतो. स्वीडनच्या स्वेआ १२३ या लहान पेट्रोल स्टोव्हला पंपच नसतो. प्रथम बाहेरून ऊब द्यायची, मग बर्नरची उष्णता टाकी तापवून स्वतःच दाब राखते. ही युक्ती रॉकेलच्या स्टोव्हवर मुळीच करू नये. तसेच रॉकेल आता सहज मिळत नाही म्हणून त्यात पेट्रोल ओतणे म्हणजे प्राणाशी गाठ.

पंक्चरवाल्याचा कंप्रेसर ट्रकच्या चाकांसाठी असतो. त्याचा दाब बत्तीच्या कितीतरी पट, आणि आपली टाकी जोडलेली असते डाखाने! सायकलचा पंप जोडण्यासाठी टाकीला व्हॉल्व्ह डाखून घेणारेही मी पाहिले आहेत. हातपंपाचा मोठा गुण असा की दाब चढला की तो हातालाच कळतो.

हवा भरण्याइतकेच ती सोडणे महत्त्वाचे. १९७८ साली ज्वारीच्या सुगीत रात्री माल उतरत असता बत्ती मंदावली. मी कोवळ्या वयाच्या उतावीळपणे, मँटल लाल असतानाच, रॉकेल घालण्यासाठी टाकीचे झाकण फिरविले. "बाळ, हवा!" एवढेच मुनीमजी ओरडले. रॉकेलचा फवारा मँटलवर गेला आणि पेटला. त्यांनी मला बाजूस ढकलले व ओल्या गोणपाटाने आग दाबली. माझ्या भुवया गेल्या. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे पुढे कधी पूर्ण वळली नाहीत, आणि जमाखर्च लिहिताना ते टाक तिसऱ्या बोटावर टेकवीत. बत्ती विझवायची ती झाकणावरील लहान स्क्रू उघडून. सुस्कारा संपावा, धातू निवावा, मगच झाकणास हात लावावा.

चिरंजीवांच्या बत्तीचा वायसर मी स्वतः तेलात घातला. दुसऱ्या दिवशी पंपाने हात धरला. अंगणात त्यांच्याकडून तीन वेळा पेटवून व तीन वेळा विझवून घेतली, तेव्हा ती आंबोलीस गेली.