पाळण्याजवळ शिकलेली नजर

बालविकासाच्या प्रयोगशाळेत काम केलेली माणसे पुढे कुठे जातात? कुणी रुग्णालयात, कुणी बालवाडीत, तर कुणी थेट दूरचित्रवाणीवर. मुलीने हा विषय घ्यावा की नाही, या विचारात असलेल्या घरांसाठी.

मुलीने गृहविज्ञानात बालविकास घेतला किंवा एम. ए.ला मानसशास्त्र घेतले, की घरात एक प्रश्न हमखास येतो. 'पुढे काय?' रायपूरच्या ज्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, तिथल्या मराठी घरांत तरी तो वेगळा कसा असेल? मोठी बहीण बँकेत, शेजारची संगणकात. मग हिने लहान मुलांचे खेळ पाहण्यात दोन-तीन वर्षे घालवून मिळवायचे काय?

शिकण्याची सोय गावातच आहे. दूधाधारी बजरंग महिला महाविद्यालयात गृहविज्ञान आहे, पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठात मानसशास्त्र. प्रश्न पदवीनंतरचा आहे. त्याचे उत्तर हवे असेल, तर या क्षेत्रात आधी काम करून गेलेल्यांकडे पाहावे.

घंटा, लाल कडे आणि वही

प्रयोगशाळा म्हटले की काचेच्या नळ्या डोळ्यांपुढे येतात. इथे तसे काही नसते. एक सतरंजी, एक घंटा, लाल रंगाचे कडे, लाकडी ठोकळे, पेला आणि नोंदींची वही. कडे हळूहळू फिरवले तर बाळाची नजर त्याच्यामागे जाते का? घंटा वाजली तर मान वळते का? खेळणे कापडाखाली झाकले तर बाळ ते शोधते का? एवढेच पाहायचे, पण प्रत्येक बाळाला अगदी त्याच रीतीने, आणि दिसले तेवढेच लिहायचे. 'बाळ हुशार आहे' असे लिहायचे नाही. 'तर्जनी व अंगठ्याने मणी उचलला' असे लिहायचे.

अशा शेकडो नोंदी जमल्या, की कोणती गोष्ट बहुतेक मुलांना कोणत्या महिन्यात जमते ते कळते. अमेरिकेत बर्कले येथे नॅन्सी बेली यांनी १९२८ साली सुरू झालेल्या अभ्यासात त्याच त्या मुलांना वर्षानुवर्षे तपासून आपल्या श्रेणी बसवल्या. पण त्या श्रेणी अमेरिकन बाळांच्या होत्या. आपल्याकडची बाळे त्याच मापाने कशी मोजायची?

बडोद्यात तयार झालेली मोजपट्टी

हे काम एका मराठी नावाशी जोडलेले आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात हंसा मेहता कुलगुरू असताना गृहविज्ञान शाखा उभी राहिली. पुढे तिथल्याच बालविकास विभागात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांची वाढ मोजली. एक ते तीस महिन्यांच्या बाळांच्या मानसिक आणि शारीरिक हालचालींच्या वाढीवरचे त्यांचे काम १९७० साली प्रसिद्ध झाले. बालरोगतज्ज्ञ आजही 'बडोदा प्रमाणके' म्हणतात ती हीच.

फाटक तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मुलांनी काढलेल्या माणसाच्या चित्रावरून त्यांची समज जोखण्याची चाचणी त्यांनी भारतीय मुलांसाठी बसवली. १९९१ साली एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी बाळांसाठी छोटी चाळणी चाचणी दिली. सुधारित श्रेणीची पुस्तिका १९९७ साली पुण्याहून निघाली. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ बाबी आहेत. पहिल्या कामापासून या पुस्तिकेपर्यंत सत्तावीस वर्षे गेली. या क्षेत्रात फळ उशिरा येते, हे मुलीनेही जाणावे आणि आईवडिलांनीही.

आणि फळ आले ते कुठवर पोहोचले? तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्रातील डॉ. एम. के. सी. नायर आणि सहकाऱ्यांनी बडोदा प्रमाणकांतून अवघ्या सतरा बाबी निवडल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक तक्ता केला. तोही १९९१ साली प्रसिद्ध झाला. मुलाच्या वयावर पेन्सिल उभी ठेवायची आणि पेन्सिलच्या डावीकडे संपलेली एखादी गोष्ट मुलाला येत नसेल, तर त्याला पुढच्या तपासणीला पाठवायचे. पाच-सात मिनिटांचे काम, अंगणवाडी सेविकेलाही जमणारे. विद्यापीठातल्या वहीतली नोंद अशी खेड्यातल्या अंगणात आली.

अठरा वर्षांची सोबत

प्रयोगशाळेतून निघालेल्या बऱ्याच वाटा रुग्णालयात जातात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात नवजात अतिदक्षता कक्षातून घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी केला. ही मुले अठरा वर्षांची होईपर्यंत तो चालला. अशा कामात डॉक्टरांइतकीच गरज असते ती मुलाला खेळवत तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची. इंजेक्शन देऊन वाचवलेले मूल पुढे वर्गात बसून शिकू शकते का, हे तिलाच आधी कळते.

भट्टी सांभाळणारा संशोधक झाला

परदेशातले एक उदाहरण विलक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनला ॲना फ्रॉइड यांच्या पाळणाघरात जेम्स रॉबर्टसन पाणी तापवण्याची भट्टी आणि किरकोळ दुरुस्त्या सांभाळत. मात्र तिथला नियम असा, की काम कोणतेही असो, मुलांमध्ये जे दिसेल ते प्रत्येकाने कार्डावर लिहायचे. त्या सवयीने त्यांचे आयुष्य बदलले. १९४८ साली ते जॉन बोल्बी यांच्याकडे टॅव्हिस्टॉक संस्थेत आले आणि रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या लहानग्यांचे निरीक्षण करू लागले. त्या काळी आईला फक्त भेटीच्या वेळीच आत येऊ देत. रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातले दिवस चित्रित करून १९५२ साली तो चित्रपट डॉक्टरांना दाखवला. सुरुवातीला अनेक डॉक्टर चिडले. पण १९५९ साली सरकारी समितीने आईवडिलांना मुलांजवळ राहू द्यावे, अशी शिफारस केली.

अमेरिकेत एडवर्ड पामर यांनी मुले दूरचित्रवाणीकडे किती लक्ष देतात याचा अभ्यास केला होता. १९६९ साली सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट' या कार्यक्रमाच्या संशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली. मुलाशेजारी दुसऱ्या पडद्यावर रंगीत चित्रे बदलत ठेवायची आणि मुलाची नजर कार्यक्रमावरून कधी हलते ते टिपायचे. नजर हलली की तो भाग बदलायचा. याच कार्यक्रमाचे भारतीय रूप, 'गली गली सिम सिम', २००६ साली आले.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांची वाटही अशीच. राजकोटच्या अध्यापिका महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात आल्या. ते बालमंदिर म्हणजेच बालशिक्षणाची प्रयोगशाळा होती. तिथे शिकलेले घेऊन त्या १९४५ साली बोर्डीला गेल्या. पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत बालवाडी मुलांच्या अंगणातच भरवली. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी देशभर गेली.

मग आपल्या मुलीने काय करावे?

पहिली गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. संशोधन प्रकल्पातील नोकरी बहुधा प्रकल्पापुरती असते. अनुदान संपले की नोकरीही संपते. तेव्हा ती दोन-तीन वर्षे हे शिक्षणच समजावे आणि त्यातच पुढची तयारी करावी.

दुसरी गोष्ट पदवीची. निव्वळ बालविकास किंवा मानसशास्त्राच्या एम. ए.वर रुग्णालयात नैदानिक मानसशास्त्रज्ञ होता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. विशेष शिक्षिकेलाही तेच लागू आहे. प्रवेश घेण्यापूर्वी मान्यता तपासावी; दोन वर्षे वाया गेल्यावर हळहळण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट संधीची. २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. छत्तीसगडमध्ये तो 'चिरायु' या नावाने ओळखला जातो. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून गरजूंना जिल्हा केंद्राकडे पाठवायचे, अशी त्याची आखणी आहे. त्या केंद्रांसाठी डॉक्टरांबरोबर मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांचीही पदे ठरवलेली आहेत.

इथे रायपूरच्या मराठी मुलीजवळ एक जमेची बाजू असते. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात आणि कामवाल्या मावशींशी छत्तीसगढी, अशा तीन भाषा तिच्या कानावरून गेलेल्या असतात. चाचणी घेताना ही मोठी गोष्ट आहे. मुलाला प्रश्नच कळला नाही, तर त्याचे गप्प बसणे हे मंदपणाचे लक्षण म्हणून कागदावर चढते. तो शिक्का मुलाला शाळाभर पुरतो. 'बाहुलीचे डोळे दाखव' हे त्याच्या आईच्या भाषेत विचारले, की तेच मूल चटकन बोट ठेवते.

बाळ दहाव्या महिन्यातही आधाराशिवाय बसत नाही, हे पुष्कळदा आजीच्या आधी लक्षात येते. मग कुणी म्हणते, 'याचा बापही उशिराच बसला होता', आणि उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात. आजीची शंका ऐकून घेणारे, बाळाला सतरंजीवर बसवून नीट पाहणारे आणि घाबरायचे की थांबायचे हे सांगणारे माणूस त्या वेळी हवे असते. 'पुढे काय?' या प्रश्नाचे उत्तर देताना घरच्यांनी पगाराबरोबर या माणसाचाही विचार करावा.